गोव्यात पाणमांजर समोर आले तर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोडणच्या फेरीतून पलीकडे जाताना, कुंभारजुव्याच्या कालव्यात होडी घातल्यावर, नाहीतर पहाटे मानशीचे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराला लावलेले, जाळे ओढायला गेल्यावर ज्यांची या प्राण्याशी गाठ पडते, त्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. पर्यटकांचे प्रश्न निराळे, पण तेही ठरलेले. दोघांसाठी मिळून ही उत्तरे. वाचताना एक गोष्ट लक्षात असू द्या. आपल्याकडचे पाणमांजर बरेचसे माणसांनी बांधलेल्या बांधांवर, माणसांच्या मासळीवर जगते. त्यामुळे त्याच्याशी कसे वागायचे हा प्रश्न वन खात्याइतकाच भाटकाराचा (जमीनमालकाचा), कुळाचा आणि जाळे लावणाऱ्याचाही आहे.

गोव्यात पाणमांजरे खरेच आहेत का? आम्ही तर कधी पाहिली नाहीत.

आहेत, आणि पणजीपासून फार लांबही नाहीत. मांडवी, जुवारी, शापोरा या नद्यांच्या खाऱ्या पट्ट्यात, खारफुटीत आणि खाजन शेतांत, म्हणजे नदीकाठी बांध घालून राखलेल्या जमिनीत, ती वावरतात. दिसत नाहीत कारण ती उजाडताना आणि तिन्हीसांजेला फिरतात, आणि त्या वेळी आपण एकतर अंथरुणात असतो किंवा गाडीत. चोडण, दिवाडी, सांतइस्तेव या जुव्यांवरच्या (बेटांवरच्या) जुन्या माणसांना विचारा. पाणमांजर म्हटल्यावर आश्चर्य वाटणारा क्वचितच भेटेल. तक्रार करणारे मात्र पुष्कळ भेटतील.

मुंगूस, कांडेचोर आणि पाणमांजर एकाच कुळातले ना?

नाही, आणि ही गल्लत सगळ्यात जास्त होते. पाणमांजर म्युस्टेलिडे कुळातले आहे. वीझल, बॅजर, मार्टिन, चांदी अस्वल हे त्याचे भाऊबंद. मुंगसाचे कूळ वेगळे आणि माडा-आंब्यावर, घराच्या कौलांत रात्री धावाधाव करणाऱ्या कांडेचोराचे आणखी वेगळे. गंमत म्हणजे मुंगूस आणि कांडेचोर हे दोघेही मांसभक्षक प्राण्यांच्या मांजराकडच्या शाखेतले, तर नावात मांजर असलेले पाणमांजर कुत्रा-अस्वलाच्या शाखेतले.

प्रत्यक्षात घोळ घालते ते मानेवर काळा पट्टा असलेले मोठे मुंगूस. सत्तरी, सांगे, काणकोणच्या ओहोळांकाठी ते कुर्ल्या (खेकडे) शोधत फिरते, अंगाने तांबूस, शेपटीचे टोक काळे. "नदीकाठी तांबडे पाणमांजर पाहिले" असे कोणी सांगितले की बहुधा हेच असते. मुंगसाची शेपटी झुपकेदार आणि तोंड निमुळते. पाणमांजराचे डोके रुंद, कान इवलेसे, शेपटी मुळाशी जाड आणि केस अंगाला चिकटून बसलेले. पाण्यातून बाहेर येताच ते अंग झटकते आणि केसांचे ओले काटे उभे राहतात, तेव्हा ते वेगळाच प्राणी वाटते.

गोव्यात त्याच्या किती जाती आहेत?

दोन. खाडीत आणि खाजनांत दिसते ते मऊ, गुळगुळीत केसांचे मोठे पाणमांजर. वजन साधारण सात ते अकरा किलो, आणि शेपटीसकट लांबी मीटरभर किंवा थोडी जास्तच. शेपटी टोकाकडे चपटी होत जाते. ते कुटुंबाने राहते, म्हणून एक दिसले तर थांबा, मागून आणखी येतील.

दुसरे लहान नखांचे पाणमांजर. जगातल्या सगळ्या पाणमांजरांत हे सर्वांत लहान, तीन-साडेतीन किलोच्या आसपास. याचा मुक्काम वर सह्याद्रीतल्या ओहोळांत. नखे बोटांच्या गादीच्या पुढे येत नाहीत, म्हणून पंजा जवळजवळ हातासारखा चालतो. दगडाखाली हात घालून ते न बघताच कुर्ली चाचपते. दाढा रुंद, कवच फोडायच्या. मोठ्या पाणमांजराचे पोट मासळीवर, याचे मुख्यतः कुर्ल्यांवर. हे दिसणे खरेच नशिबाची गोष्ट आहे. पुढची बहुतेक उत्तरे पहिल्या जातीबद्दल आहेत, कारण माणसाशी गाठ पडते ती तिचीच.

प्राणी दिसला नाही तरी तो आहे हे कसे ओळखायचे?

पाणमांजर पाहण्यापेक्षा वाचायला शिकणे सोपे आहे. बांधावरून चालताना पाण्याकडे झुकलेली जागा, मोठा दगड, मानशीचा कट्टा, दोन पाण्यांच्या मधली चिंचोळी पट्टी बघत जा. कुटुंबाची विष्ठेची जागा ठरलेली असते आणि ती तिथेच पुन्हा पुन्हा येतात. ताजी असेल तर काळपट, चिकट आणि तिला मासळीचा उग्र वास. सुकली की राखाडी होते, आणि काडीने उकरली तर आत खवले, बारीक काटे, सुंगटाच्या (कोळंबीच्या) मिशा आणि कुर्लीच्या कवचाचे लालसर तुकडे सुटे होऊन पडतात. खवला उन्हात धरला तर मासा केवढा होता याचाही अंदाज बांधता येतो. हाताने उकरू नका, एवढेच.

चिखलातला ठसा पाच बोटांचा आणि बोटांमध्ये पडद्याची पुसट रेघ. कुत्रा आणि कोल्हा यांच्या ठशात चारच बोटे उमटतात, त्यामुळे बोटे मोजली की निम्मे काम झाले. उतारावर घसरगुंडीसारखा गुळगुळीत पट्टा किंवा वाळूत लोळल्याची खळगी दिसली, तर तुम्ही त्यांच्या अंगणातच उभे आहात.

कुठे आणि कधी गेलो तर दिसेल?

घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघा. सुकती, म्हणजे ओहोटी, लागली की मानशीची दारे नदीकडे उघडतात आणि खाजनातले पाणी बाहेर वाहू लागते. मासळी त्या धारेत येते, आणि पाणमांजराला हे माहीत असते. पहाटेची सुकती असेल तर उत्तम. चोडणचे डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य अवघे १.७८ चौरस किलोमीटरचे आहे, पण खारफुटीमुळे आसरा चांगला. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुव्याचा कालवा हा दुसरा पट्टा. तिकीट काढले म्हणजे दर्शन होईल असे मात्र कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पक्षी बघायला जा, पाणमांजर आले तर आले.

कालव्यात पाण्यावर डोके दिसले. मगर की पाणमांजर?

कुंभारजुव्यात हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण तिथे दोन्ही आहेत. मगरीचे डोके पाण्याला समांतर, लाकडाच्या ओंडक्यासारखे स्थिर असते. ती बुडते तेव्हा गपकन खाली जाते, लाटही उठत नाही. पाणमांजराचे डोके गोल, सतत इकडेतिकडे वळणारे. ते फुरफुरते, शिट्टी घालते, बुडताना पाठ कमानदार होते आणि शेवटी शेपटीचे टोक दिसते. एकापेक्षा जास्त डोकी वर-खाली होत असतील तर शंकाच नको. ओळख पटली नाही तर मगर आहे असे धरून काठापासून मागे व्हा.

दुर्भाटला पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, ती मांगे थापणी. मगरीला असा मान आहे आणि पाणमांजराला नाही, याचे मला नेहमी नवल वाटते. कदाचित जाळी फाडणाऱ्याची कोणी पूजा करत नसेल.

अचानक समोर आले तर काय करायचे?

थांबायचे. ओरडायचे नाही, मोबाईल काढून पुढे सरकायचे तर मुळीच नाही. त्याची वाट कुठली, म्हणजे ते पाण्याकडे निघाले आहे की बांध ओलांडत आहे, हे बघा आणि त्या वाटेतून बाजूला व्हा. पाणमांजर आणि पाणी यांच्यामध्ये उभे राहणे ही सगळ्यात मोठी चूक. त्याला पळायची एकच दिशा ठाऊक असते, आणि तिथेच तुम्ही असता.

ते मागच्या पायांवर उभे राहून तुमच्याकडे टक लावून बघेल. ही धमकी नसते, चौकशी असते. फुसकारले, किंचाळले किंवा एकाच जागी पुढे-मागे करू लागले तर मात्र जवळपास पिल्ले आहेत. पाठ न फिरवता हळूहळू मागे या.

माणसावर हल्ला करतात का?

सहसा नाही. माणूस दिसला की पाण्यात उतरणे हाच त्यांचा शिरस्ता. पण पिल्ले बरोबर असताना किंवा कोंडीत सापडल्यावर हीच जात पूर्ण कुटुंबानिशी चाल करून येते. २०२१ च्या अखेरीस सिंगापूरच्या बोटॅनिक गार्डनमध्ये पहाटेच्या अंधारात फिरायला गेलेल्या एका माणसाला पाणमांजरांच्या घोळक्याने बऱ्याच ठिकाणी चावे घेतले होते. आधी कोणीतरी धावत येऊन त्या घोळक्यातच शिरले होते, आणि राग निघाला तो मागून येणाऱ्यावर. सिंगापूरची पाणमांजरे आपल्या खाडीतल्याच जातीची. तिथे ती माणसांना इतकी सरावली आहेत की भर शहरात रस्ता ओलांडतात. आपल्याकडची अजून बुजरी आहेत, आणि ती तशीच राहिलेली दोघांच्याही फायद्याची. म्हणून खायला घालू नका.

चावले तर?

जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, कॉफी पावडर काहीही भरू नका. त्याच दिवशी जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात जा आणि वन्य प्राणी चावल्याचे स्पष्ट सांगा. रेबीजची लस आणि धनुर्वाताचे इंजेक्शन यांचा निर्णय डॉक्टर घेतील. पाणमांजराचा जबडा कुर्ली फोडणारा असतो, त्यामुळे वरून लहान दिसणारी जखम आत खोल असू शकते आणि ती चिघळते. "एवढेसेच तर आहे" म्हणून घरी बसू नका.

बरोबर कुत्रा असेल तर?

साखळी लावा. पाणमांजरे कुत्र्याला माणसापेक्षा मोठा शत्रू समजतात. एकटे असेल तर पळेल. घोळका असेल तर कुत्र्याला पाण्यात ओढून नेण्याइतकी हिंमत त्यांच्यात येते. उलटा धोकाही आहे. कुत्र्यांचा डिस्टेंपर हा आजार पाणमांजरांनाही होतो. बांधावर जाणाऱ्या कुत्र्याची लस चुकवू नका. शेतात सोडलेल्या कुत्र्यांचे टोळके हे आज पाणमांजराच्या पिल्लांवरचे मोठे संकट आहे, असे माझे मत.

जाळी फाडतात, जाळ्यातली मासळी खातात. आम्ही काय करायचे?

या प्रश्नाला शहाणपणाचे सल्ले देऊन भागत नाही. पावणीत, म्हणजे लिलावात, मानस घेणाऱ्याने रोख पैसे मोजलेले असतात, आणि एका रात्रीत जाळ्याला भोक पडले की चणक, शेवटे अशी मासळी गेली, वर जाळे विणायची मजुरी. त्याचा राग समजण्यासारखा आहे.

तरी काही गोष्टींनी फरक पडतो. जाळे लावून घरी जाऊन झोपण्याऐवजी सुकती संपताच काढले, तर निम्मे नुकसान टळते. अडकलेली, तडफडणारी मासळी हेच त्यांना आमंत्रण असते. जिथे मासळी गोळा होते त्या पिशवीच्या भागाला जाड दोऱ्याचे दुहेरी जाळे लावा. माणूस आणि कंदील जवळ असेल तर ती सहसा दूर राहतात, पण नुसता दिवा टांगून ठेवला तर त्याची त्यांना आठवड्याभरात सवय होते. घराजवळ मत्स्यशेतीचे तळे असेल तर भोवती तारेची जाळी लावा आणि तिचा खालचा भाग वीतभर जमिनीत पुरून बाहेरच्या बाजूला वळवा, कारण ती खालून उकरून आत शिरतात. विजेची तार लावू नका. त्यात पाणमांजराआधी शेजाऱ्याचे मूल सापडेल.

विष घालणे, फास लावणे, गावठी बॉम्ब टाकणे हे गुन्हे आहेत. आणि एक पाणमांजर मारल्याने जागा रिकामी राहत नाही. त्या पाण्यावर दुसरे कुटुंब हक्क सांगते.

मासळी कमी झाली ती यांच्यामुळेच ना?

एक मोठे पाणमांजर दिवसाला साधारण किलोभर मासळी खाते. कुटुंबाचा हिशेब केला तर आकडा डोळ्यांत भरतो, हे खरे. पण ही पाणमांजरे आणि मानशीची जाळी शतकानुशतके शेजारी नांदली. मधल्या काळात बदलले ते बांध. गोव्यात सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. तिच्यातला मोठा भाग पडीक आहे, कुठे बांध फुटून खारे पाणी कायमचे आत आले, कुठे मानशीची लाकडी दारे कुजली, कुठे भराव टाकून घरे झाली. भात नाही, गोड्या पाण्याचा हंगाम नाही, मग मासळी वाढायला जागा कुठली? सगळे खापर ज्याला वकील देता येत नाही अशा प्राण्यावर फोडणे सोपे जाते.

बांगलादेशात सुंदरबनाच्या बाजूला काही कोळी याच जातीची पाणमांजरे पाळून त्यांच्याकडून मासळी जाळ्यात हाकून घेत आले आहेत. आपल्याकडे तसे करता येणार नाही, कायदा आडवा येतो.

जाळ्यात पाणमांजर अडकले आहे. आत्ता काय करू?

आधी जाळ्याचा तो भाग पाण्याबाहेर उचला. पाणमांजर हवेवर जगते आणि पाण्याखाली अडकून राहिले तर काही मिनिटांत गुदमरून मरते, त्यामुळे फोन नंतर, हे आधी. मग त्याच्यावर गोणपाट किंवा जाड चादर टाका. डोळे झाकले की ते बरेच शांत होते. शेपटी धरून ओढू नका, उघड्या हाताने सोडवायला जाऊ नका. लोक पांगवा, व्हिडिओ काढणाऱ्यांना तर पहिले. वन खात्याच्या जवळच्या रेंज ऑफिसला कळवा, नंबर हाताशी नसेल तर ११२ लावा. खात्याची माणसे येईपर्यंत सावली आणि शांतता, एवढेच पुरे.

जाळे कापावे लागले तर कापा. अडकलेल्या प्राण्याची खबर देणाऱ्यावर उलट कारवाई होईल या भीतीने काही जण ते गुपचूप पुरून टाकतात. सोडवायला मदत करणे हा गुन्हा नाही. मारणे आणि लपवणे हा आहे.

एकटे पिल्लू सापडले. घरी न्यायचे का?

नाही. पाऊस ओसरल्यापासून थंडीपर्यंत पिल्ले दिसण्याची शक्यता जास्त, आणि आई एकेक पिल्लू तोंडात धरून बीळ बदलत असते. तुम्हाला दिसलेले पिल्लू दुसऱ्या खेपेची वाट बघत असेल. लांब जा, इतके लांब की तुम्ही तिला दिसणार नाही, आणि तासभर तरी थांबा. कुत्र्यांवर मात्र लक्ष ठेवा.

अंगावर जखम असेल, मुंग्या लागल्या असतील, किंवा आई मेलेली दिसली असेल तर वाट न बघता वन खात्याला फोन करा. तोवर पुठ्ठ्याच्या खोक्यात कोरडे कापड घालून ठेवा. गाईचे दूध पाजू नका. आणि पाणमांजर आहे म्हणून पाण्यात सोडू नका! लहान पिल्लांना पोहता येत नाही. आई त्यांना शिकवते, तेही बऱ्याचदा मानगूट धरून ओढत.

इंटरनेटवर लोक पाळतात. आपल्याला पाळता येईल का?

येणार नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, तेव्हापासून ही दोन्ही पाणमांजरे अनुसूची एकमध्ये, म्हणजे वाघाच्या पंक्तीला आहेत. शिकार केली तर तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. बाळगणे आणि विकणेही गुन्हाच. जपान, थायलंडमधल्या गोंडस व्हिडिओंमुळे पिल्लांची चोरटी विक्री एवढी वाढली की २०१९ मध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या जागतिक करारानेही दोन्ही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घातली. कायदा बाजूला ठेवला तरी, दिवसाला किलोभर मासळी, घरभर वास, आणि पहाटे चारला शिट्ट्या. ज्यांना हौस आहे त्यांनी आधी घरातल्यांना विचारावे.

कायाकिंग करताना घोळका दिसला. जवळ जाऊ का?

वल्हे आडवे ठेवा आणि होडी वाहू द्या. ती कुतूहलाने स्वतःच पाच-सात होड्यांच्या अंतरावर येऊन माना उंचावतात. तुम्ही पाठलाग केलात तर खारफुटीत शिरतील आणि त्या सकाळी पुन्हा बाहेर पडणार नाहीत. ड्रोन उडवू नका. गाईड जवळ न्यायला निघाला तर त्याला तुम्हीच अडवा. गिऱ्हाईक सांगते तेव्हाच ते ऐकतात.

एकदा सुकतीला, मी बांधाच्या या बाजूला बसलो होतो आणि पलीकडे एका मादीने शेवटा पकडून आणला. तिने तो दोन्ही पंजांत उभा धरला आणि डोक्याकडून सुरुवात केली. करकर आवाज स्पष्ट ऐकू येत होता. दोन पिल्ले बाजूने ओरडत होती, तिने लक्ष दिले नाही. शेपटीकडचा तुकडा उरल्यावर तो चिखलात टाकला आणि मग त्या दोघांची जी झटापट झाली, ती बघायला जवळ जायची गरज नव्हती. दुर्बीण न्या.

व्हॉट्सॲपवर फिरतो तो चांदी अस्वलाचा व्हिडिओ गोव्यातलाच का?

तसे धरून चालू नका. चांदी अस्वल, म्हणजे रेटल, हेही पाणमांजराच्याच कुळातले, पण त्याला रुक्ष, उघडा मुलूख जास्त मानवतो. फिरणारे बहुतेक व्हिडिओ आफ्रिकेतले असतात. खरे वीझल भारतात हिमालयाच्या बाजूलाच, आणि निलगिरी मार्टिन दक्षिणेकडच्या सह्याद्रीत. गोव्यात या कुळातले कोणी भेटले तर ते पाणमांजरच, असे समजायला हरकत नाही.

मेलेले पाणमांजर दिसले तर?

हात लावू नका, कातडे किंवा दात काढून ठेवू नका. जागेचा फोटो काढा, जवळची खूण लिहून घ्या, वन खात्याला कळवा. रस्त्यावर पडले असेल तर तो पूल किंवा मोरी कुठली, हे आवर्जून सांगा. पाणमांजरे पुलाखालून जाणे पसंत करतात, पण खाली कोरडी कड नसली आणि पाण्याला जोर असला की वर येऊन रस्ता ओलांडतात. अशी जागा एकदा कळली की तिथे कड करून घेता येते, निदान मागणी तरी करता येते. पंचायतीच्या ग्रामसभेत हा विषय मांडला तर लोक हसतील. तरी मांडा, नोंदवहीत येऊ द्या.